आग्रह वाढताना नको, विचारताना करा

श्रावण संपत आला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो. पेशंट प्रिस्क्रिप्शन घेऊन दारापर्यंत जातो आणि तिथून वळून विचारतो, "डॉक्टर, गौरीला घरी तीसेक माणसं जेवायला आहेत. त्यात दोघं शुगरचे, एक डायलिसिसवाले. स्वयंपाक कसा करू?" पूर्वी माझं उत्तर पाठ होतं, "गोड कमी, तेल कमी, मीठ कमी." हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. किती अपुरं, ते मला माझ्याच घरी कळलं. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

सिलिंडर संपला तो दिवस

आम्ही सांगलीचे. घरी गौरी-गणपती असतात आणि गौरीपूजनाच्या दिवशी चाळीसेक माणसांची पंगत होते. तीन वर्षांपूर्वी जेवण एक वाजता ठरलं होतं. माझे चुलत सासरे, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. त्यांचं इन्सुलिन प्रीमिक्स प्रकारचं आहे, म्हणजे लवकर काम करणारं आणि सावकाश काम करणारं असं एकत्र केलेलं. ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं असतं. काका शिस्तीचे. साडेबाराला आतल्या खोलीत जाऊन त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि बाहेर येऊन बसले.

इकडे पुरणपोळ्या निम्म्या झाल्या आणि सिलिंडर संपला. दुसरा शेजारून आणला, त्याचा रेग्युलेटर नीट बसेना. त्यात अर्धा तास गेला. मग नैवेद्याची ताटं, मग आरती. घड्याळात सव्वादोन झाले तेव्हा माझं लक्ष काकांकडे गेलं. सदरा घामानं भिजला होता. मला वाटलं, उकाडा आहे, पंखा वाढवावा. तेवढ्यात ते एका लहान मुलावर उगाचच खेकसले. काका मुलांवर कधीच ओरडत नाहीत. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" ते काहीतरी भलतंच बोलले आणि त्यांची जीभ जड झाली होती.

ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८.

साखर ७० च्या खाली गेली की त्याला आम्ही हायपोग्लायसेमिया म्हणतो. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड ही सुरुवातीची लक्षणं. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज आहे. ते आणखी कमी पडलं की माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, बेशुद्ध पडतो, झटके येऊ शकतात. कोणीतरी धावत पेढा घेऊन आलं. मी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि अर्ध्या कप पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून त्यांना प्यायला दिली. पेढ्यात, चॉकलेटमध्ये स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. अशा वेळी नुसती साखर किंवा ग्लुकोज पावडरच हवी, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. आकडा वर आला की लगेच जेवण द्यायचं. काकांची साखर पंधरा मिनिटांनी ८१ झाली आणि त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं, "सगळे थांबलेत, मी एकट्यानं कसं मागायचं? आणि नैवेद्य व्हायचा होता ना."

मी फिजिशियन. रोज पेशंटना इन्सुलिनची वेळ समजावून सांगते. काका कोणतं इन्सुलिन घेतात हे मला माहीत होतं. जेवणाला उशीर होतोय हेही मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. या दोन गोष्टींची गाठ मी मनात घातली नाही. पुरणात साखरेऐवजी गूळ घातला, काकांसाठी बिनगोडाची खीर केली, म्हणजे आपण पथ्य सांभाळलं, असं मला वाटत होतं. चूक पदार्थात नव्हती. वेळ कोणी विचारलीच नव्हती.

(दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सरळ दवाखाना गाठा. आणि जे लोक व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेतात त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण या गोळ्या साखरेचं आतड्यातलं विघटनच मंद करतात. त्यांना ग्लुकोज पावडरच द्यावी.)

तीन प्रश्न

पुढच्या वर्षी गौरी यायच्या पंधरा दिवस आधी मी एक डायरी घेऊन बसले आणि एकेकाला फोन केले. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले. काय चालत नाही? जे चालत नाही ते थोडंसुद्धा चालत नाही, की कमी प्रमाणात चालतं? आणि जेवायची वेळ कोणती, जेवणाआधी काही औषध आहे का?

या तीन प्रश्नांत किती काय दडलेलं असतं हे त्या फोनवर मला समजलं.

"थोडंसुद्धा नाही"

पहिला फोन पुतणीला. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला सिलिअॅक आजार आहे. गहू, जव अशा धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअॅक असलेल्या माणसानं ते खाल्लं की शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्या स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्न शोषून घेणारं अस्तर झिजतं. मुलांचं वजन वाढत नाही, उंची खुंटते, रक्त कमी होतं. यावर आज तरी एकच उपाय आहे, ग्लुटेन कायमचं बंद.

"काकू, तो घरूनच डबा आणेल," पुतणी म्हणाली. मी म्हटलं, "अगं, वरणभात तर तांदूळ-डाळीचाच असतो." ती जरा थांबली. मग म्हणाली, "मागच्या वर्षीही तुमच्याकडे वरणभातच जेवला होता. नंतर चार दिवस पोट दुखत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. वरणात काय होतं? डाळ, मीठ, हळद, हिंग, तूप. सासूबाईंनी हिंगाची डबी उचलली आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. आपण वापरतो तो बहुतेक हिंग असा मिसळलेला असतो. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून विकतात. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, बऱ्याच जणी गव्हाचं. सासूबाई पन्नास वर्षं हिंग वापरतायत, त्यांना हे पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर मलाही.

त्या पोटदुखीचं खापर मी एकट्या हिंगावर फोडणार नाही. चिमूटभर हिंगातलं पीठ ते किती. पण मग आम्ही बाकीचे संशयित शोधू लागलो आणि यादी वाढतच गेली. तुपाची वाटी पोळ्यांना लावायला आणि भातावर वाढायला एकच होती. भजी आणि पुऱ्या एकाच तेलात तळल्या होत्या. ज्वारी ज्या गिरणीतून दळून आणली तिथे आमच्या आधी कोणाचे तरी गहू दळले होते. बेसनाची भजी कुरकुरीत व्हावी म्हणून त्यात चमचाभर रवा होता. गहू नसलेलं ताट आम्ही वाढलं होतं, पण त्यात गहू चार वाटांनी शिरला होता.

"एक घास खाल्ला तर काय होतंय, देवीचा प्रसाद आहे" हे वाक्य आपण सगळे सहज बोलतो. सिलिअॅकच्या मुलासाठी तो एक घासही इजा करतो. त्रास तिथल्या तिथे दिसेलच असं नाही. काही तासांनी, दुसऱ्या दिवशी दिसतो, कधी वरून काहीच दिसत नाही आणि आतडं आतून झिजत राहतं. शेंगदाण्याची किंवा सुक्या मेव्याची खरी अॅलर्जी असलेल्यांचं तर याहून गंभीर. त्यांना काही मिनिटांत श्वास अडकू शकतो, ब्लड प्रेशर कोसळू शकतं. आणि आपल्या कोशिंबिरीत, भाजीत, उपवासाच्या प्रत्येक पदार्थात दाण्याचं कूट असतं. म्हणून "थोडंसुद्धा नाही" असं ज्यानं सांगितलं, त्याच्याशी घासाघीस करायची नाही.

"किती?"

दुसरा फोन नणंदेला. तिच्या यजमानांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं डायलिसिस चालू आहे. आदल्या वर्षी एका पाहुण्यांनी मोठ्या प्रेमानं त्यांच्यासाठी शहाळं फोडून आणलं होतं. "हे तर अमृत, याला कसलं पथ्य?" नणंदेनं ते अण्णांच्या हातातून काढून घेतलं. पाहुण्यांना राग आला, तिला नवऱ्यावर हुकूम चालवणारी ठरवून मोकळे झाले. तिनं आपल्या परीनं त्यांचा जीव सांभाळला होता.

शहाळ्याच्या पाण्यात भरपूर पोटॅशियम असतं. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. निकामी किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठत जातं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. कधीकधी आधी काही सूचनाही मिळत नाही. केळं, संत्रं, सुका मेवा, टोमॅटो, बटाटा, रताळं यांतही पोटॅशियम जास्त. गुळात साखरेपेक्षा जास्त. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, त्यामुळे ते मीठ किडनीच्या पेशंटनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि सैंधव? तेही मीठच. त्यातही सोडियम असतंच.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्यांना लघवी कमी होते त्यांना दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं असतं. आमटी, कढी, ताक, अंबील, खीर हे सगळं त्या मापात धरायचं असतं. "पाणी नको तर ताक घ्या" असा आग्रह केला की माप तिथेच मोडतं.

आमच्या कटाच्या आमटीचा विचार करताना मला गंमत वाटली. किडनीच्या पेशंटला आम्ही सांगतो, डाळ, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियम बरंचसं निघून जातं. कट म्हणजे नेमकं ते फेकून द्यायचं पाणी! तेव्हा अण्णांसाठी कटाची आमटी बाद, आणि डाळ वैऱ्यासारखी टाळायची गरज नाही. उलट डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं आधीपेक्षा जास्त लागतात. हे पुष्कळांना माहीत नसतं, ते आधीच्याच सवयीनं डाळ, पनीर तोडतात आणि माणूस खंगत जातो. अण्णांना काय आणि किती, हे मी माझ्या डोक्यानं ठरवलं नाही. त्यांच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद नणंदेकडून मागवून घेतला. दुधी, दोडका, पडवळ, कोबी या तुलनेनं सोयीच्या भाज्या. सोळा भाज्यांच्या परंपरेत त्यांना सहज जागा मिळाली.

"किती" हाच प्रश्न शेजारच्या आजींनाही लागू होता. त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवण्यासाठी त्या वॉरफरिन घेतात. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून त्यांनी अळूची भाजी वर्षानुवर्षं सोडली होती. तशी गरज नसते. पालेभाजी रोज साधारण सारखी खावी, एकदम जास्त नको आणि एकदम बंद नको. नेहमी खात असतील तेवढीच त्या दिवशीही. त्या मात्र पालेभाजी खातच नव्हत्या, म्हणून एवढंच सांगितलं, "आजी, आज एकदम वाटीभर नको. डॉक्टरांना विचारून रोजच्या जेवणात थोडी सुरू करा, मग पुढच्या वर्षी माझ्याकडचं अळू हक्कानं मागा."

आमच्या भागात जैन मित्रपरिवार मोठा. त्या दिवसांत त्यांचं दशलक्षण पर्व चालू असतं. कंदमुळं वर्ज्य, सूर्यास्ताच्या आत जेवण. हे आजारपण नाही, श्रद्धा आहे. तरी प्रश्न तेच तीन आणि उत्तराचा मानही तोच. "अहो, बटाटा काढून खा ना" असं त्यांना म्हणणं आणि सिलिअॅकच्या मुलाला "पोळीचा पापुद्रा काढून पुरण खा" म्हणणं, दोन्हींत आपण समोरच्याचं ऐकलेलं नसतं.

स्वयंपाकघरात काय बदललं

पाच जणांसाठी पाच स्वयंपाक करायचे का? नाही. आम्ही एवढंच केलं.

सकाळी कणीक मळायच्या आधी भात, वरण, भाज्या, घावन उरकून झाकून ठेवले. हिंग तांदळाच्या पिठाचा आणला. तांदूळ घरच्या मिक्सरवर दळले, गिरणीत पाठवले नाहीत. तुपाच्या दोन वाट्या केल्या, एकीला दोरा बांधला. तळण आधी भज्यांचं, रवा न घालता, ताज्या तेलात. पुऱ्या त्यानंतर.

मीठ सगळ्यात बेतानं घातलं. आपल्या ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत आहेच. ज्याला कमी वाटेल तो घेईल. भाजीत घातलेलं मीठ कोणालाच काढता येत नाही. दाण्याचं कूट कोशिंबिरीत न घालता वेगळ्या वाटीत ठेवलं. प्रत्येक पातेल्याशी एक चिठ्ठी लावली, आत काय काय आहे त्याची.

डायबेटिसवाल्यांसाठी वेगळा बेचव पदार्थ केला नाही. त्यांच्या शरीराला गूळ आणि साखर यांत फारसा फरक नसतो, दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. शुगर-फ्री मिठाईतही मैदा, खवा असतोच. त्यापेक्षा हिशेब सोपा ठेवला. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ. मग एक लहान पुरणपोळी, आणि ती घेतली तर भात नाही, किंवा नावापुरता. कोणाला किती चालतं ते प्रत्येकाच्या औषधांवर आणि साखरेवर ठरतं, म्हणून ते त्यांच्यावर सोपवलं.

वाढणाऱ्या मुलांना मी दोनच नियम सांगितले. विचारून वाढायचं. आणि कोणी "नको" म्हटलं तर "का?" विचारायचं नाही. चाळीस माणसांसमोर आपली साखर, आपली किडनी सांगायला कोणालाच आवडत नाही.

राहिला नैवेद्य. हा सर्वात अवघड विषय होता, कारण तो सासूबाईंच्या अखत्यारीतला. मी बोलायचं धाडस गोळा करत होते. त्यांनीच सांगितलं, "नैवेद्याचं ताट बारालाच काढू. पोळ्या चारच लागतात त्याला. बाकीच्या होत राहतील. आणि काकांना म्हणावं, ताट समोर येईस्तोवर सुई टोचायची नाही."

काकांच्या डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. नियम तोच ठरला, जेवण नक्की झाल्याशिवाय इन्सुलिन नाही. इन्सुलिन नसेल पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील, तरी जेवण लांबलं की साखर उतरू शकते, हे तुम्हीही लक्षात ठेवा. साखरेचं पाणी आणि ग्लुकोमीटर आम्ही आता देवघराबाहेरच्या कपाटात ठेवतो, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

त्या वर्षी काका सव्वाबाराला जेवायला बसले. एकटे नको म्हणून अण्णा, शेजारच्या आजी आणि तो सहा वर्षांचा मुलगाही त्यांच्यासोबत बसले. सासूबाईंनी तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदक केले होते, आणि ते सगळ्यांसाठी. मुलाचं ताट वेगळं दिसलं नाही. त्यानं मोदक हातात घेतला आणि सवयीनं आईकडे बघितलं. पुतणीनं माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे. त्या म्हणाल्या, "खा रे. मी सगळं वाचून घेतलंय."

त्यानं तीन खाल्ले. पुतणीनं आणलेला डबा तसाच घरी परत गेला.

तुमच्याकडे पुढच्या कार्याला पाहुणे येणार असतील तर आजच फोन लावा आणि ते तीन प्रश्न विचारा. पहिल्यांदा बहुतेक जण म्हणतील, "अहो, आमच्यासाठी काही वेगळं नको." तिथे थांबू नका. पुन्हा विचारा. आग्रह करायचाच असेल तर तो इथे करा. आणि तुम्हीच पथ्याचे पाहुणे असाल, तर "सगळे थांबलेत, मी कसं मागू" असं मनात म्हणत बसू नका. यजमानांना आदल्या दिवशी सांगा. त्यांना त्रास होत नाही, उलट त्यांचा जीव भांड्यात पडतो. हे मी काकांकडून शिकले आणि काका माझ्याकडून.

(या लेखातली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येकाचं पथ्य आणि औषधाच्या वेळा वेगळ्या असतात. बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोला.)